दुखतो दंड, बिघडते कंडरा: खांद्याची मालिश नेमकी कुठे आणि कशी करावी

खांदा दुखायला लागला की घरात पहिला उपाय ठरलेला असतो. बामची बाटली काढायची आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला चोळायचं. कळ तिथेच येते, म्हणून हातही तिथेच जातो. पण खांद्याच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट भागाला, इजा झाली असेल, तर मूळ बिघाड बहुतेक वेळा त्या जागेच्या तीन-चार बोटं वर, खांद्याच्या टोकावरच्या हाडाच्या आडोशाला असतो. दंड चोळून ऊब मिळते, बरंही वाटतं, पण दुखऱ्या जागेला बोट लागलेलं नसतं.

ज्यांना डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने तपासून ‘सुप्रास्पायनेटस टेंडिनायटिस’, ‘रोटेटर कफची सूज’ किंवा ‘इंपिंजमेंट’ (हाडाखाली कंडरा चेपली जाणं) असं काही सांगितलं आहे आणि ज्यांच्या घरात मालिश करून द्यायला कोणी तयार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काही भाग स्वतःचा स्वतः करता येतो. कंडरेवरचं घर्षण मात्र दुसऱ्याने केलेलं बरं, कारण ते करताना दुखरा खांदा पूर्ण सैल सोडावा लागतो.

अपेक्षा आधीच ठरवून घेऊ. मालिशीने कंडरा भरून येत नाही. मालिशीने दुखणं काही वेळ दबतं, आखडलेले स्नायू सुटतात, आणि एरवी कळ येऊन अडणारा व्यायाम त्या वेळात करता येतो. कंडरा पुन्हा मजबूत होते ती या व्यायामाने. त्यामुळे मालिश करून घेऊन तसंच झोपी जाणाऱ्याचं अर्धं काम राहिलेलंच असतं.

खांद्यात काय कुठे आहे

फऱ्यापासून, म्हणजे खांद्यामागच्या सपाट, त्रिकोणी हाडापासून निघून दंडाच्या हाडाच्या गोळ्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारे चार स्नायू आहेत: वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. स्नायूचं टोक हाडाला जिथे चिकटतं तो पांढरट, चिवट भाग म्हणजे कंडरा. चौघांत सर्वांत जास्त त्रास देते ती वरची, सुप्रास्पायनेटसची. ती खांद्याच्या टोकावरच्या छपरासारख्या हाडाखालून जाते. हात वर करताना ते छप्पर आणि दंडाचा गोळा यांच्यामधली जागा कमी होते आणि कंडरा चेपली जाते. छताला प्लास्टर करणारा गवंडी, भिंती रंगवणारा रंगारी, फळ्यावर वर लिहिणाऱ्या शिक्षिका, उंच दोरीवर ओले कपडे टाकणारी गृहिणी, लोकलमध्ये वरची कडी धरून तासभर लोंबकळणारा प्रवासी: सगळ्यांची तक्रार साधारण सारखीच असते. चाळिशीनंतर कंडरेची झीज आपोआपही सुरू होते. त्यामुळे ‘मी तर काहीच केलं नाही’ हे रुग्णाचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं.

हात लावण्याआधी

पहिली तपासणी हात बाजूने वर नेण्याची. सुरुवातीला दुखत नाही, साधारण 60 अंशांपासून 120 अंशांपर्यंत कळ येते आणि त्याच्या वर गेल्यावर पुन्हा कमी होते, असं असेल तर दुखणं कंडरेचं असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि हात सैल सोडा. घरच्या माणसाने मनगट धरून पंजा हळूच बाहेरच्या बाजूला वळवावा. दुसऱ्या खांद्याच्या मानाने तो खूपच कमी वळत असेल, मध्येच कुलूप लागल्यासारखा अडत असेल, तर तो आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोजन शोल्डर असू शकतो. मधुमेह्यांमध्ये तो जास्त आढळतो. त्याची वाट वेगळी आहे. कंडरेवर घर्षण करून तो सुटत नाही, आणि जोर केला तर दुखणं भडकतं.

पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात स्वतःहून उचलताच येत नसेल, पण दुसऱ्याने उचलला तर वर जात असेल, तर कंडरा फाटलेली असू शकते. तिथे मालिशीचा विचार नको, सोनोग्राफी किंवा एमआरआयसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. काहीही कारण नसताना एका रात्रीत खांदा इतका ठणकायला लागला की कपडेही काढवत नाहीत, तर कंडरेत कॅल्शियम साचून सूज आली असू शकते. तिथेही घर्षण वर्ज्य. ताप, खांद्यावर लाली, सांध्याची सूज, कर्करोगाचा पूर्वेतिहास, हातातली ताकद जाणं किंवा सतत मुंग्या, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. आणि चालताना, जिना चढताना डावा खांदा भरून येत असेल, सोबत घाम, धाप किंवा छातीवर दडपण असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. हृदयाचं दुखणं खांद्यात येतं. उजव्या खांद्यात कधी पित्ताशयाचंही येतं.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर खोल दाब टाळा, काळेनिळे डाग पडतात. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान दोन आठवडे कंडरेवर घर्षण नको. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं घेत असाल किंवा नुकतीच घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा. या औषधांनी कंडरा कमजोर होऊ शकतात.

आधी स्नायू, मग कंडरा

तयारी साधी आहे. मालिश करणाऱ्याची नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी. रुग्ण पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, दंड उघडा. आणि तेल आत्ता नको. तेल लावलं की बोट कातडीवरून घसरतं आणि खाली काही पोचतच नाही. तेलाला शेवटी वाव आहे.

सुरुवात मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत गेलेल्या जाड स्नायूने करा. दुखऱ्या खांद्याला वाचवण्यासाठी माणूस नकळत खांदा वर उचलून धरतो, त्यामुळे हा स्नायू दगडासारखा झालेला असतो. मागे उभं राहून तो अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा, हलकेच उचला, दहा-पंधरा सेकंद धरून सोडा. मानेकडून खांद्याकडे सरकत तीन-चार जागी असंच करा. मानेच्या पुढच्या बाजूला, घशाशेजारी दाबायचं नाही. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

मग फऱ्यावर या. फऱ्यावर हात फिरवला की वरच्या भागात एक आडवा हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या वरच्या खोबणीत सुप्रास्पायनेटसचा मांसल भाग आहे. अंगठ्याने तिथे खाली दाबत आतून बाहेरच्या दिशेने संथपणे सरका. उंचवट्याच्या खाली, फऱ्याच्या पाठीवर इन्फ्रास्पायनेटस पसरलेला आहे, आणि माझ्या मते घरगुती मालिशीत सर्वांत मोठा फायदा इथे मिळतो. या स्नायूत गाठ असली की कळ मागे न जाणवता खांद्याच्या पुढच्या भागात, कधी दंडातून खाली जाते. अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दूरवर कळ पाठवणाऱ्या गाठींचे नकाशेच काढून ठेवले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्या याच. बोटाने फऱ्यावर चाचपत जा. एखाद्या जागी दाबल्यावर रुग्ण ‘हां, हीच कळ, पुढे येते’ म्हणाला की थांबा. दाब तेवढाच ठेवून तीस ते साठ सेकंद धरा. कळ ओसरली की पुढची जागा.

हे एकट्यालाही जमतं. जुना टेनिस बॉल मोज्यात घाला, मोज्याचं टोक हातात धरून बॉल पाठीमागे सोडा आणि भिंतीला टेकून फऱ्यावर आणा. गुडघे किंचित वाकवून अंग वरखाली केलं की बॉल फिरतो. जमिनीवर आडवं पडून हे करायची घाई नको. सगळं वजन बॉलवर येतं आणि दुसऱ्या दिवशी फरा हलवता येत नाही.

पुढच्या बाजूला, कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाखाली चार बोटांच्या सपाट दाबाने छातीचा वरचा स्नायू एक-दोन मिनिटं मोकळा करा. तो आखडला की खांदा पुढे झुकतो आणि कंडरेची जागा आणखी आवळते. हातात मुंग्या आल्या तर बोट लगेच उचला, खालून मज्जातंतू जातात. पेसमेकर बसवलेला असेल किंवा त्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ही जागा सोडून द्या.

या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात.

कंडरेवरचं आडवं घर्षण

ही पद्धत रुळवली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉक्टर जेम्स सिरियाक्स (1904–1985) यांनी. त्यांचा आग्रह असा की नेमक्या कंडरेवर बोट ठेवायचं आणि तंतूंच्या लांबीला आडवं घासायचं, तंतूंच्या दिशेने नाही. कंडरेत आलेला चिकटपणा यामुळे सुटतो, असं ते मानत. आज हे स्पष्टीकरण तितकंसं धरलं जात नाही. त्या जागेवर दिलेल्या खोल उत्तेजनामुळे मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश काही वेळ दबतो, हे अधिक पटण्यासारखं आहे. या उपचारावरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मी स्वतः हे व्यायामाला जोड म्हणूनच वापरतो, एकटं कधीच नाही.

सुप्रास्पायनेटसची खरी अडचण ही की कंडरा हाडाच्या छपराखाली दडलेली असते. तिला बाहेर आणायची युक्ती सिरियाक्स यांनीच सांगितली आहे: हात पाठीमागे न्यायचा.

1. रुग्णाला खुर्चीत अर्धवट रेलून बसवा. दुखऱ्या बाजूचा हात पाठीमागे कमरेवर जाऊ द्या, पंजाची मागची बाजू कमरेला टेकलेली. या स्थितीत दंड आतल्या बाजूला फिरतो आणि कंडरा छपराच्या पुढच्या कडेखालून पुढे सरकते. हात इतका मागे जात नसेल तर ओढू नका. खुर्चीच्या बाजूने खाली आणि थोडा मागे सोडलेला हातही चालतो.

2. दुखऱ्या बाजूला उभे राहा. फऱ्यावरच्या आडव्या उंचवट्यावरून बोट बाहेर नेत न्या. खांद्याच्या टोकाला सपाट, टणक हाड लागेल. त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर या आणि तिथून बोट पुढे, किंचित खाली घसरू द्या. हाडाची कड संपते आणि मऊ भागाखाली दंडाचा गोळा जाणवतो, तीच जागा. दुसऱ्या खांद्यावर तसंच दाबून पाहा. फरक रुग्णच सांगेल.

3. तर्जनी त्या जागेवर ठेवा आणि तिच्या नखावर मधलं बोट ठेवून आधार द्या. अंगठा दंडाच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. कंडरा या स्थितीत मागून पुढे जाते, म्हणून बोट हलायचं ते आत-बाहेर, म्हणजे छातीच्या दिशेने आणि परत.

4. बोट आणि त्याखालची कातडी एकत्र हलली पाहिजे. कातडीवरून बोट घासलं तर दोन दिवसांत फोड येतो आणि उपचार बंद पडतो. हालचाल बोटाच्या पेरातून नको, मनगटातून आणि कोपरातून हवी. नाहीतर मालिश करणाऱ्याचं बोट आठवड्याभरात दुखायला लागतं.

5. पहिला दाब हलका ठेवा, आंबा पिकलाय का हे बघताना देतो तेवढाच. दुखणं शून्य ते दहाच्या मापात तीन-चारच्या पुढे जाता कामा नये. मिनिट-दोन मिनिटांत जागा बधिर व्हायला लागते. ती झाली की दाब थोडा वाढवा, पुन्हा बधिर होऊ द्या. तीन मिनिटांनंतरही दुखणं कमी न होता वाढतच असेल तर थांबा. एक तर जागा चुकली आहे, नाही तर कंडरा आज चिडलेली आहे.

6. पहिल्या वेळी दोनच मिनिटं. नंतर वाढवत पाच-सहा मिनिटांपर्यंत. एक दिवसाआड, रोज नको. मधल्या दिवशी ती जागा थोडी हुळहुळी राहते, तेवढं ठीक आहे. सहा ते आठ वेळा करूनही हात वर नेताना काहीच फरक नसेल, तर घर्षण सोडून द्या आणि पुन्हा तपासून घ्या.

‘जोर लावल्याशिवाय गुण येत नाही’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तालमीत मेहनतीनंतर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात, ते थकलेल्या मांसल स्नायूंसाठी उत्तमच आहे. पण कंडरेला तो रगडा दिला तर ती सुजते. खांदा ‘बसवून’ देतो म्हणून हाताला झटका देणाऱ्यांपासूनही लांबच राहा. झिजलेली कंडरा झटक्याने फाटू शकते.

दुसऱ्या कंडरांसाठी

हात बाहेर फिरवताना दुखत असेल तर बिघाड मागच्या, इन्फ्रास्पायनेटसच्या कंडरेत असू शकतो. रुग्णाला पालथं, कोपरांवर टेकून झोपवा आणि दुखऱ्या बाजूला थोडं झुकू द्या. खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या मागच्या कोपऱ्याखाली, दोन बोटांच्या अंतरात अंगठ्याने घर्षण करता येतं. तंतू इथे आडवे असतात, म्हणून अंगठा वर-खाली हलवा.

खांद्याच्या अगदी पुढच्या बाजूला, दंडाच्या वरच्या टोकावरच्या खोबणीत बायसेप्सची लांब कंडरा आहे. कोपर काटकोनात ठेवून अंगठा त्या जागी स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने रुग्णाचा पंजा आत-बाहेर फिरवा. अंगठा न हलवता कंडरा त्याखालून आत-बाहेर जाते, म्हणून तिथे दाब फार हलका पुरतो. सबस्कॅप्युलॅरिसची कंडरा याच खोबणीच्या आतल्या बाजूला असते. ती शोधणं घरी कठीण आहे, फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या.

मालिशीनंतरची वीस मिनिटं

घर्षणाने जागा बधिर झालेली असतानाच व्यायाम करा. सुरुवात लोलकासारख्या झोक्याने: चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या आणि अंगाच्या झोक्याने त्याला मागे-पुढे, गोल फिरू द्या, मिनिटभर. ही पद्धत बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखली जाते.

पुढे ताकदीचं काम. कोपर कमरेला, मुठीची मागची बाजू दाराच्या चौकटीला टेकवा. चौकट हलवायची आहे असा बाहेरच्या दिशेने दाब द्या, निम्म्या जोराने. तीस ते पंचेचाळीस सेकंद धरा, मिनिटभर विश्रांती, असं चार-पाच वेळा. तळहाताच्या बाजूने आतल्या दिशेनेही. पहिले दोन आठवडे एवढंच रोज केलं तरी रात्रीचं दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं.

हे सहज जमलं की रबरी पट्टी घ्या. काखेत घडी केलेला टॉवेल धरून पंजा बाहेर ओढायचा, तीन सेकंदांत बाहेर, तीन सेकंदांत परत, दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मग हात थोडा तिरका पुढे ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणं, आधी रिकामा, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून. व्यायामाच्या वेळी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच असायला हवं. जास्त असेल तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. कंडरेला वेळ लागतो. बारा आठवडे धरून चाला.

आता तेल. व्यायाम झाल्यावर खांद्यापासून दंडापर्यंत कोमट तिळाचं तेल किंवा घरात असलेलं महानारायण तेल तळहाताने हलकेच जिरवा. याने कंडरेत बदल होत नाही, पण दुखऱ्या माणसाला बरं वाटणंही काही कमी नाही. शेक घ्यायचा तर मालिशीच्या आधी दहा मिनिटं घ्या. बाम लावलेल्या जागी शेक किंवा घर्षण करू नका, कातडी भाजते.

रात्री दुखऱ्या कुशीवर झोपणं टाळा. दुसऱ्या कुशीवर झोपताना छातीपुढे उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात टेकवा, नाही तर तो छातीवरून आडवा लोंबतो आणि कंडरा रात्रभर ताणलेली राहते. पाठीवर झोपणाऱ्यांनी कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. कपडे वाळत घालायची दोरी काही आठवडे खांद्याच्या उंचीला उतरवा आणि स्वयंपाकघरातले रोजचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणा.